मद्रास बंदरी उतरलेल्या तापाची कुळकथा

1957 च्या मे महिन्यात सिंगापूरहून मद्रास बंदराला लागलेल्या जहाजातून तापाने फणफणलेले उतारू उतरले आणि त्यांच्यासवे आशियाई इन्फ्लुएन्झाने भारतात प्रवेश केला. परंतु या आगंतुकाच्या वंशात पाखरांचाही अंश आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते.

त्या पाखरांच्या रोगाचा जुना शास्त्रीय दाखला 1878 सालचा आहे. त्या वर्षी इटलीत पेरोन्चितो यांनी कोंबड्यांच्या प्राणघातक साथीचे वर्णन केले. 1901 मध्ये तिचे कारण जंतूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होते असे सिद्ध झाले. आणि ते इन्फ्लुएन्झाच्याच विषाणूचे कुळ होय, हा निर्णय जर्मनीत शेफर यांनी 1955 मध्ये, म्हणजे मद्रासच्या त्या जहाजापूर्वी अवघी दोन वर्षे, दिला. या विषाणूचे मूळ घर पाणपक्ष्यांच्या आतड्यांत असते. रानबदके बहुधा स्वतः न खंगता त्याला विष्ठेवाटे पाण्यात सोडतात, आणि तो कोंबड्यांच्या वस्तीत शिरला म्हणजे त्याच्या एच5 व एच7 या जाती कधी कधी संहारक रूप धारण करतात. त्याची जनुके आठ तुकड्यांत विभागलेली असल्यामुळे पक्ष्याचा आणि माणसाचा विषाणू एकाच पेशीत भेटले, तर त्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. 1957 च्या विषाणूतील तीन तुकडे अशाच रीतीने पक्ष्यांकडून आले होते, हे संशोधकांनी मागाहून उलगडले.

याच कुळातील एच5एन1 हा विषाणू 1997 मध्ये हाँगकाँगात 18 माणसांना बाधला व त्यांतील 6 दगावली. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत त्याची भारतातील पहिली नोंद झाली. माणसामाणसांत सहज पसरण्याची शक्ती त्याला अद्याप लाभलेली नाही, हे आपले भाग्य. परंतु मद्रासचा अनुभव सांगतो की त्या भाग्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे. नीट शिजवलेल्या अंड्यामांसाचे भय बाळगण्याचे कारण नाही. खरा धोका आजारी वा मृत पक्ष्यांच्या निकट संसर्गात आहे. म्हणून चेन्नईतील पळ्ळिकरणैच्या पाणथळीत पक्षी एकाएकी मरू लागले, तर त्यांना उघड्या हाताने न शिवता पशुवैद्यकीय खात्याला वर्दी द्यावी, आणि कोंबड्या मारण्याचा हुकूम ज्याच्या दारी पोचतो त्या कुक्कुटपालकाला नुकसानभरपाईही तत्परतेने मिळावी. कारण पहिली खबर देणाराच सर्वस्व गमावणार असेल, तर ती खबर सरकारदप्तरी पोचण्याआधीच साथ पुढच्या गावी गेलेली असेल.