शस्त्राचा परवाना आणि माणसाचें मन

भीमा व नीरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलुखांत, इंदापूर तालुक्यांत, वरकुटें हें गांव आहे. याच भागांतील भीमथडी तट्टांवर स्वार होऊन एके काळीं मराठ्यांच्या फौजा दूरदूरचे प्रांत तुडवीत गेल्या. त्या काळीं येथील कुणब्याच्या घरांत भाला, तलवार किंवा तोड्याची बंदूक असणें ही नवलाची गोष्ट नव्हती. आज त्याच घरांतील शेतकऱ्यास पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची एक बंदूक हवी असली, तर त्याला जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, मन ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, आणि त्याच्या चालचलणुकीविषयीं पोलीस ठाण्याकडून अहवाल मागविला जातो. भाल्यापासून दाखल्यापर्यंतचा हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. शस्त्र कोणाच्या हातीं असावें हें ठरवितांना सरकारनें कोणत्या काळीं कोणता प्रश्न विचारला, हें पाहिलें म्हणजे आजच्या वादाचें मर्म आपोआप ध्यानांत येतें.

इंग्रज सरकारचा पहिला प्रश्न एकच होता: तूं कोणाच्या बाजूचा? १८५७ च्या उठावानंतर लोकांचीं शस्त्रें काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. १८६० मध्यें त्यासाठीं कायदा झाला. आणि १८७८ मध्यें, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतांना, हिंदुस्थानचा सुप्रसिद्ध शस्त्रांचा कायदा अस्तित्वांत आला. देशी वृत्तपत्रांचें तोंड बंद करणारा कायदाहि त्याच सालचा, हा केवळ योगायोग नव्हे. या शस्त्रकायद्याच्या बंधनांतून युरोपियनांस सूट होती. एतद्देशीयांपैकीं परवाना मिळे तो बहुधा इनामदारास, पदवीधारी सरदारास किंवा साहेबाच्या मर्जींतील गृहस्थास. अर्जदार रागीट आहे कीं शांत, व्यसनी आहे कीं निर्व्यसनी, याची चौकशी दुय्यम होती. राजनिष्ठा आणि इभ्रत हींच त्याच्या लायकीचीं मुख्य गमकें होतीं.

जेथें माणसाची पारख पक्षावरून होते, तेथें ती जातीवरून होण्यास वेळ लागत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांचा राग मुख्यतः कर्जखतांवर होता. खतें व वह्या जाळल्या गेल्या, परंतु सावकारांच्या जिवावर क्वचितच कोणी उठलें. तरीहि दंग्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरतांच लष्कर बोलवावें लागलें, आणि दख्खनचा रयत सरकारच्या लेखीं संशयित ठरला. रामोशाची गोष्ट तर याहून विपरीत. गांवची राखण त्यानें करावी, आणि चोरी झाली कीं पहिला संशय त्याच्यावरच यावा! १८७१ मध्यें प्रथम उत्तरेकडे लागू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या नव्या कायद्यानें त्याची मर्यादा सर्व देशभर वाढली. आणि तो डाग कायद्याच्या पुस्तकांतून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें.

इतकें करूनहि सरकारच्या पदरांत काय पडलें? शस्त्रकायद्यास पुरतें वर्षहि झालें नव्हतें, तोंच १८७९ च्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशांच्या साह्यानें धामारीवर छापा घातला. १८९७ मध्यें पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकास जॅक्सन मारला गेला, तो लंडनहून चोरून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलानें. या प्रसंगांच्या नैतिक बाजूचा विचार येथें कर्तव्य नाहीं. एवढेंच नमूद करावयाचें कीं, ज्याचा निश्चय झाला आहे तो परवान्यासाठीं मामलेदाराच्या कचेरींत रांगेंत उभा राहत नाहीं. राजनिष्ठेच्या चाळणीनें निरुपद्रवी शेतकऱ्याची बंदूक तेवढी अडली.

यामुळें शस्त्रकायदा हा राष्ट्रीय अपमान आहे अशी भावना दृढ झाली आणि काँग्रेसनें तो बदलण्याची मागणी वारंवार केली. १९३१ च्या कराची येथील ठरावांत तर, नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. परंतु १९४८ च्या डिसेंबरांत हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क राज्यघटनेंत घालावा अशी सूचना घटनासमितींत मांडली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. सर्वांस सरसकट असा हक्क देणें व्यवहार्य नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. सूचना फेटाळली गेली. येणेंप्रमाणें स्वतंत्र भारतांत शस्त्र हा हक्क न राहतां परवानगीची बाब राहिली, आणि ती परवानगी कोणत्या कसोटीवर द्यावी हा जुना प्रश्न नव्या सरकारापुढें उभा राहिला.

१९५९ च्या कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर पुष्कळच प्रामाणिकपणें दिलें. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येणार नाहीं, असें त्याच्या १४ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. त्या एका वाक्यानें इंग्रजी अमदानींतील इभ्रतीचें माप मोडीत निघालें. त्याच कलमांत दुसरी अट आहे: ज्याचें मन विकल आहे त्यास परवाना देऊं नये. पुढें २०१६ च्या नियमांनीं मानसिक व शारीरिक आरोग्याविषयीं, तसेंच व्यसनाधीनतेविषयीं वैद्यकीय दाखला आवश्यक केला. सारांश, ‘तूं कोणाचा?’ आणि ‘तुझी ऐपत काय?’ हे प्रश्न मागें पडून ‘तुझें मन कसें आहे?’ हा प्रश्न पुढें आला. ही प्रगति होय, यांत शंका नाहीं. परंतु हा नवा प्रश्न जुन्या संवयीनेंच विचारला जाण्याचें भय आहे.

तें भय असें. मन विकल असणें आणि मनाचा कांहीं आजार असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें हा भेद स्पष्ट केला आहे: केवळ आजाराचें निदान झालें म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाहीं, तसें ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. पूर्वीं केव्हां तरी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनहि आज तो माणूस आजारी आहे असें धरून चालतां येत नाहीं. हा भेद विसरून उद्यां जर प्रत्येक उपचाराची नोंद परवान्याच्या आड येऊं लागली, तर खिन्नतेनें ग्रासलेला माणूस बंदूक सोडणार नाहीं. तो डॉक्टरकडे जाणें सोडील. मग जुन्या गुन्हेगार जमातींच्या जागीं मनोरुग्णांची नवी जमात तेवढी निर्माण होईल.

अमेरिकेंतील अनुभव याच्या दोन्ही बाजू दाखवितो. तेथें १९६८ च्या कायद्यानें, अधिकृत निर्णयानें मनोविकल ठरलेल्यांस व सक्तीनें मनोरुग्णालयांत पाठविलेल्यांस बंदूक बाळगण्याची मनाई केली, आणि १९९८ पासून दुकानदार विक्रीपूर्वीं सरकारी नोंदी तपासून घेऊं लागले. तथापि २००७ मध्यें व्हर्जिनिया टेक येथें ज्या विद्यार्थ्यानें ३२ जणांचे प्राण घेतले, त्यास न्यायाधिकाऱ्यानें उपचार घेण्याचा हुकूम पूर्वींच दिलेला होता. तो हुकूम त्या नोंदींत पोंचलाच नव्हता. यावरून तपासणी निरर्थक आहे असें ठरत नाहीं. अर्धवट तपासणी फसवी असते, एवढें मात्र ठरतें. त्याच देशांत बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे घरांतल्या बंदुकीचा धोका परक्याइतकाच, किंबहुना अधिक, खुद्द धन्याला असतो.

आपल्याकडील अलीकडच्या घटना काय सांगतात? ३१ जुलै २०२३ रोजीं जयपूर-मुंबई गाडींत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायानें आपला वरिष्ठ व तीन प्रवासी यांस गोळ्या घातल्याचा आरोप झाला. तेव्हां त्याच्या मनःस्थितीचा आणि त्याच्या द्वेषाचा, असे दोन्ही प्रश्न निघाले. द्वेष हा कोणत्याहि डॉक्टरच्या दाखल्यांत लिहिला जात नाहीं. ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं मुंबईच्या उपनगरांत एका माजी नगरसेवकाचा खून करून मारेकऱ्यानें स्वतःवरहि गोळी झाडून घेतली. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणें तें पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचें होतें. दाखला एकाचा आणि हात दुसऱ्याचा! शिपायाच्या बंदुकीस तर हा परवाना लागतच नाहीं.

तेव्हां विचारावयाचा तो प्रश्न माणसाच्या वर्तनाचा आहे. भाऊबंदकींत त्यानें कोणास जिवें मारण्याची धमकी दिली आहे काय? दारूच्या भरांत तो बायकोवर हात टाकतो काय? कर्जानें किंवा शोकानें तो खचला आहे काय? याचीं उत्तरें पंधरा मिनिटांच्या तपासणींत डॉक्टरास मिळणें कठीण. शेजाऱ्यास, पोलीस पाटलास आणि सर्वांहून अधिक घरच्या बाईमाणसास तीं ठाऊक असतात. कॅनडांत परवान्याच्या अर्जाची वार्ता अर्जदाराच्या पत्नीस किंवा पतीस कळविली जाते; आपल्या चौकशींत तिला कोण विचारतो? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली. माणसाचें मन पांच वर्षें एकाच ठिकाणीं थांबत नाहीं. निवडणूक आली कीं परवान्याचीं शस्त्रें ठाण्यांत जमा करून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. घरांत मरण, दिवाळें किंवा तंटा आला असतां, कोणताहि डाग न लावतां आणि मन सावरल्यावर परत देण्याच्या बोलीनें, तीच बंदूक कांहीं महिने ठाण्यांत ठेवण्याची सोय सहज करतां येईल.

राजनिष्ठा, इभ्रत आणि दाखला या तिन्ही कसोट्या सरकारास आवडल्या, कारण त्या कागदावर उतरतात. माणूस कागदावर पुरता उतरत नाहीं. त्याला ओळखणारीं माणसें त्याच्या भोंवतीं असतात, आणि त्यांचें म्हणणें भीतीवांचून ऐकून घेण्याची व्यवस्था जो कायदा करील, तोच बंदुकीच्या धन्याचें व त्याच्या शेजाऱ्याचें रक्षण करील.