मुंबईत गेलं तर जेवायचं कुठं?



थंडी सुरू झाली की गटागटांत मुंबईच्या प्रदर्शनाची बोलणी सुरू होतात. माल किती न्यायचा, गाडी कुणाची, मुक्काम कुठं, सगळं ठरतं. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, ती म्हणजे तिथं आपण जेवायचं कुठं. आज त्यावरच बोलू. बोलताना थोडं मागं जावं लागेल, कारण मुंबईतल्या जेवणाच्या जागांचा इतिहास आपल्या गावांशी आणि आपल्यासारख्या बायांशी बांधलेला आहे.

आधी आमचीच फजिती सांगतो. मागं आम्ही आठ जणी चटण्या आणि मसाले घेऊन मुंबईला गेलो. घरून नेलेल्या भाकरी दोन दिवस पुरल्या. तिसऱ्या दिवशी एका हॉटेलाच्या दारात गेलो. आतला गारवा बाहेर येत होता. दारावरच्या माणसानं आमच्या पिशव्यांकडं पाहिलं, आम्ही दरपत्रकाकडं पाहिलं. ताट २२० रुपये. आठ जणींचे १७६० झाले. आमची चटणीची पुडी ६० रुपयांची, म्हणजे जवळजवळ ३० पुड्यांचे पैसे. आम्ही मागं फिरलो आणि पुढचे सगळे दिवस वडापाववर काढले. शेवटच्या दिवशी गटातल्या थोरल्या आक्का स्टॉलवरच चक्कर येऊन बसल्या. पैसे कनवटीला होते. पण आत जाऊन बसायचा धीर नव्हता, आणि आपल्या पोटाला दोन घास हवेत हा खर्च आम्ही हिशेबात धरलेलाच नव्हता.

आक्कांना पाणी पाजलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या जाऊबाईनं याच मुंबईत वीस-वीस गडी जेवू घातले, आन् आपण इथं उपाशी." तिथून आमची चौकशी सुरू झाली.

मुंबईत कापडाच्या गिरण्या १८५० नंतरच्या दशकात सुरू झाल्या. लालबाग, परळ, वरळी हा सगळा भाग पुढं गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूरकडून, पुरुष कामाला गेले. आमच्या भागात घरटी एक माणूस गिरणीत होता. बायकापोरं गावाकडं आणि गडी मुंबईत, असा तो संसार. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे दहा-पंधरा गडी. त्यांना जेवू कोण घालणार?

ते काम खाणावळवाल्या बाईनं केलं. आक्कांच्या जाऊबाईची खोली दहा बाय दहाची. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. पहिल्या पाळीचे गडी जेवून जायचे, मग दुसऱ्या पाळीचे, मग रात्रपाळीचे. कोकणातल्याला भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि कोरड्यास, रविवारी वशाट. पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे. पण वाण्याची उधारी रोज चढायची, आणि ती फेडायला सावकाराचं कर्ज. डोरलं सहा महिने गहाण आणि सहा महिने गळ्यात, असं आक्का सांगतात.

आता दुसरी गोष्ट पाहा. मुंबईचे डबेवाले साऱ्या जगाला ठाऊक आहेत. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ती सेवा सुरू केली असं मानलं जातं. मावळ आणि जुन्नर-राजगुरुनगरकडची ही माणसं. त्यांचं कौतुक व्हावं तेवढं थोडंच. पण डबा उचलायच्या आधी तो भरला कुणी? सकाळी लवकर उठून पोळी-भाजी करणाऱ्या त्या बाईचं नाव कुठंच लिहिलेलं नाही.

शहरात हॉटेलंही निघत होती. इराणातून आलेल्या माणसांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकानं काढली. धोबी तलावाजवळचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, चहाबरोबर मस्का लावलेला ब्रुन पाव. एक कप चहा घेऊन कुणीही बसावं, अशी ती जागा. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० मध्ये सुरू झालं आणि बटाटेवड्यासाठी नावाजलं गेलं. माटुंग्याला कर्नाटकातल्या उडुपीकडच्या लोकांनी आपली खाणावळ आणली. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढतं.

पण या हॉटेलांत सगळ्यांना सारखं बसता येत होतं का? नाही. खाणावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे. कुठं आत घेत नसत, कुठं कप वेगळा. आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. शाहू महाराज स्वतः तिथं गेले, चहा प्याले आणि बरोबरच्यांनाही पाजला. साधा एक कप चहा, पण त्यासाठी राजाला उभं राहावं लागलं.

आणि बाईमाणसाचं काय? चांगल्या घरची बाई हॉटेलात जात नाही, असं म्हणायचे. म्हणून इराण्याकडं आणि उडप्याकडं 'फॅमिली रूम' असायची. पडद्याआड किंवा माळ्यावर बायकांना बसवायचं. तेही घरचा पुरुष बरोबर असेल तर. हॉटेलात चार बाया आपल्या पैशानं, आपल्या मर्जीनं जेवायला बसल्या आहेत, हे चित्र फार जुनं नाही. म्हणून त्या दारात आमचे पाय अडखळले, त्यात नवल नाही. तो संकोच आम्हांला वारशानंच मिळाला होता.

पण दुसरा वारसाही आहे. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला कुणालाही अडवता येणार नाही. देशाच्या सर्वांत मोठ्या कायद्यात उपाहारगृहाचं नाव आहे, सयांनो. ज्यांना दारातून परत पाठवलं गेलं, त्यांच्यासाठी ते लिहिलं गेलं. पिशवी खांद्याला असली तरी आत जायचा हक्क आपला आहे.

आता खाणावळवाल्या बायांकडं परत येऊ. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बँका गरिबांसाठी आहेत असं सरकार म्हणू लागलं, पण खाणावळवालीला बँकेच्या दारात कोण उभं करणार? प्रेमा पुरव यांनी ते काम केलं. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढं मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. सत्तरच्या दशकात गिरण्यांचे संप झाले, तेव्हा पगार बंद असतानाही या बाया कामगारांना उधारीवर जेवू घालत होत्या. संप ज्यांच्या चुलीवर टिकत होता, त्यांचीच हाक कुणी ऐकत नव्हतं. १९७५ मध्ये १४ खाणावळवाल्या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. एकमेकींना जामीन राहायचं आणि बँकेचं कमी व्याजाचं कर्ज घ्यायचं. सावकाराच्या पेटीतलं डोरलं सुटलं. पुढं मंडळानं स्वतःची स्वयंपाकघरं चालवली आणि डबे, जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

हे ऐकून ओळखीचं वाटलं ना? आज आपण गटात जे करतो, एकीनं दुसरीची हमी घ्यायची, ते त्या बायांनी तेव्हा केलं. त्याच्याही आधी, १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच आजचं लिज्जत पापड.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. गडी गावाकडं परतले, तशा खाणावळीही विझल्या. आक्कांच्या जाऊबाईची १७ जणांची उधारी बुडाली. पण त्यांनी कुणाचं नाव घेऊन कधी शिवी दिली नाही. "त्यांनी तरी कुठनं द्यावी," एवढंच म्हणायच्या. त्यांची उधारीची वही आक्कांच्या ट्रंकेत अजून आहे. गिरणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा वह्याही वाचायला हव्यात, असं आम्हांला वाटतं.

स्वस्त जेवणाचा प्रश्न पुढं सरकारनंही हाती घेतला. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, पण काही वर्षांत ती योजना बंद पडली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. ती चालवायची संधी खाणावळींबरोबर महिला बचत गटांनाही मिळाली. म्हणजे गोल फिरून शहराला जेवू घालायचं काम पुन्हा बायांच्या हाती आलं. फरक एवढाच की आता आपल्याकडं गट आहे, बँकेचं खातं आहे आणि हिशेबाची वही आपल्याच नावाची आहे.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या वर्षी आम्ही शहाण्या झालो. निघण्याआधी बैठकीत ठराव केला की माणशी रोज एक पोटभर जेवण गटाच्या खर्चात धरायचं. गाडीभाडं जसं खर्चात धरतो, तसंच हे. उतरल्यावर पहिल्या दिवशी दादरला आस्वादमध्ये गेलो. तिथं मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडी, सगळं आपल्या ओळखीचं. एक दिवस माटुंगा स्टेशनलगत रामा नायक यांच्याकडं केळीच्या पानावर जेवलो. परतीच्या दिवशी कयानीमध्ये चहा आणि ब्रुन मस्का. पाव इतका कडक की आक्कांनी तो चहात बुडवूनच खाल्ला. समोरच्या टेबलावरचे पारशी बाबाही तसंच करत होते, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

तुम्ही गेलात तर एवढं करा. बसण्याआधी दर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. दोघी-तिघींत वेगवेगळं मागवा आणि वाटून खा. बिल मागून घ्या आणि गटाच्या फाइलला लावा. आणि चव घेताना डोळेही उघडे ठेवा. ताटात काय किती देतात, कोथिंबीर वडी कितीला विकतात, आत स्वयंपाक कोण करतं, हे पाहा. आपल्या घरी रोज होणारा पदार्थ तिथं पैसे मोजून खातात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आपल्या कामाची किंमत आपल्यालाच नव्यानं कळते.

आमच्या गटापुढं सध्या एक विषय आहे. तालुक्याच्या कॉलेजजवळ खाणावळ काढायची. कर्ज घ्यावं की नाही, यावर दोन बैठका झाल्या. काही जणी भितात, आणि त्यांची भीती खोटी नाही, उधारी बुडते हे आम्ही ऐकलंच आहे. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवतो आहोत. उधारीला मर्यादा ठेवायची, आणि रांधणाऱ्या बाईची मजुरी पहिल्या दिवसापासून खर्चात लिहायची. आक्कांच्या जाऊबाईच्या वहीत मिठापासून रॉकेलपर्यंत सगळं लिहिलेलं आहे. फक्त त्यांच्या स्वतःच्या कष्टाचा रकाना नाही. आमच्या वहीत तो पहिला असेल.

खाणावळीची पाटी लागली की या रेडिओवरूनच तुम्हांला आवतन देऊ. पुढच्या प्रदर्शनाला जाताना तुम्ही कुठं जेवलात, ते आम्हांला जरूर कळवा. रामराम.