जर्मन भयपटांची सावली : पुण्यापासून नगरपर्यंत

पुण्याहून नगरकडे निघालेला प्रवासी शिरूर मागे टाकून घोडनदी ओलांडतो आणि पारनेर तालुक्यात शिरतो. नगर येण्यापूर्वी याच रस्त्यावर सुपा हे गाव लागते. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाते ते सुपे निराळे, ते बारामतीकडचे. पारनेरचे सुपा आज कारखान्यांच्या वसाहतीसाठी ओळखले जाते. चित्रपटाच्या इतिहासात त्याचे नाव शोधूनही सापडणार नाही. परंतु ज्या रस्त्यावर ते वसले आहे, त्याच्या दोन टोकांशी या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण निगडित आहे. एका टोकास पुणे. तेथे एका मराठी दिग्दर्शकाने जर्मन भयपटांच्या छायाप्रकाशाला स्वतःच्या भाषेत बोलावयास लावले. दुसऱ्या टोकास नगर. तेथे 1939 साली जर्मन माणसे तारेच्या कुंपणाआड डांबली गेली.

भीती ही मराठी मनास नवी नव्हती. पिंपळावरचा मुंजा, वेशीबाहेरचा वेताळ, आडावरची हडळ यांच्या गोष्टी ऐकतच येथील मुले लहानाची मोठी झाली. पण ही भीती कानांची होती. कंदिलाच्या उजेडात आजीचा आवाज खाली आला, की उरलेले काम ऐकणाराचे मनच करी. डोळ्यांना भिववायचे कसे, हे शास्त्र पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीत सिद्ध झाले.

1920 च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये ‘डॉक्टर कॅलिगारी’ची कथा पडद्यावर आली. दिग्दर्शक होता रॉबर्ट वीने. जत्रेत खेळ करणारा एक डॉक्टर निद्रावस्थेतील एका माणसास आपल्या इच्छेने चालवितो आणि त्याच्या हातून खून पाडतो, एवढेच कथानक. नवल होते ते नेपथ्यात. घरे तिरपी, खिडक्या वाकड्या, रस्ते सुरीसारखे निमुळते; आणि कित्येक सावल्या तर दिव्यांनी पडलेल्या नसून रंगाने भिंतीवर काढलेल्या! वेड्याचे मन आतून जसे दिसेल तसे गाव चित्रकारांनी उभे केले होते. निद्राचराची भूमिका कॉनराड फाइट याने केली. 1933 साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले तेव्हा हा नट आपल्या यहुदी पत्नीसह देश सोडून गेला, आणि पुढे अमेरिकेतील चित्रपटांत त्याला नाझी अधिकाऱ्यांचीच सोंगे घ्यावी लागली. झीगफ्रीड क्राकाउर या समीक्षकाने 1947 साली आपल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, कॅलिगारीच्या रूपाने जर्मन समाज येऊ घातलेल्या हुकूमशहाचे स्वप्न आधीच पाहत होता. सिद्धांत थोडा ताणलेला आहे. तरी एक गोष्ट खरी की, त्या चित्रपटातील भय भुताचे नाही. दुसऱ्याच्या इच्छेखाली निमूटपणे चालणाऱ्या माणसाचे आहे.

1922 चा ‘नोस्फेराटू’ मात्र उघड उघड रक्तपिपासू पिशाचाचा. मुर्नाऊ या दिग्दर्शकाने तो बराचसा खऱ्या डोंगरांत आणि खऱ्या गल्ल्यांत चित्रित केला. माक्स श्रेक या नटाने साकारलेला काउंट ऑर्लॉक जिना चढतो तेव्हा भिंतीवर केवळ त्याची सावली दिसते: लांब बोटांची, वाकलेली. ही सावली पुढे जगभरच्या भयपटांची मूळपुरुष ठरली. चित्रपटाचे दैव मात्र खडतर. कथा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या 1897 च्या कादंबरीवरून परवानगीवाचून उचललेली होती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि 1925 साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याची आज्ञा दिली. ज्या प्रती इतस्ततः गेल्या होत्या त्यांच्यामुळेच तो वाचला. मारूनही न मरणाऱ्या पिशाचाच्या चित्रपटास हे साजेसेच झाले म्हणावयाचे.

आता पुण्याकडे वळू. 1929 साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’ या बोलपटाच्या रंगीत प्रती काढण्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीस गेले. रंगांचा प्रयोग साधला नाही. परंतु तेथील चित्रपटगृहांत आणि कलागृहांत त्यांच्या नजरेने जे टिपले ते वाया गेले नाही. परतल्यावर, पुण्याच्या नव्या कलागृहात, त्यांनी नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून ‘अमृतमंथन’ हा 1934 चा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला.

नरबळी आणि पशुबळी बंद करणाऱ्या राजाविरुद्ध चंडिकेचा राजगुरू कट रचतो, असे त्याचे कथानक आहे. आरंभीच देवीच्या मंदिरातील गुप्त सभा दिसते. गडद अंधार, खालून पडलेला उजेड, आणि एकाएकी सारा पडदा व्यापून टाकणारा राजगुरूचा एक डोळा! दूरवरचे जवळ आणणारे टेलिफोटो भिंग लावून हे दृश्य घेतले होते. हिंदीत राजगुरू झाले चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. नाटकात नटाचा डोळा शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास कधीच दिसत नसे. येथे तो माणसाहून मोठा होऊन समोर आला. जर्मनांचे ऋण या दृश्यात स्पष्ट आहे. पण ती नक्कल नव्हे. शांतारामांनी भुताटकीचे सामान बाजूस ठेवले आणि अंधार धर्मसत्तेच्या अंगावर पांघरला. प्रेक्षक भ्यावा तो वेताळाला नव्हे, तर देवीच्या नावाने माणूस मारावयास सांगणाऱ्या पुरोहिताला. कॅलिगारीचे बीज मराठी मातीत पडल्यावर असे उगवले. पुढे 1937 च्या ‘कुंकू’ मध्ये याच दात्यांनी तरुण मुलीशी लग्न लावणारा म्हातारा वकील उभा केला. तेथेही आरसा, घड्याळ, काठी अशा घरगुती वस्तूंच्या द्वारा त्याच्या मनातील धास्ती पडद्यावर आली आहे. भयपटाची इतकी सात्त्विक परिणती क्वचितच झाली असेल.

दुसरा प्रवाह मुंबईजवळ मालाडला येऊन मिळाला. म्यूनिकचा दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे 1925 च्या ‘प्रेम संन्यास’ या बुद्धचरित्रपर मूकपटाच्या निमित्ताने हिमांशु राय यांच्याबरोबर प्रथम हिंदुस्थानात आले होते. 1934 साली बॉम्बे टॉकीज निघाली तेव्हा राय यांनी त्यांस पुन्हा बोलाविले. नेपथ्यासाठी कार्ल फॉन श्प्रेती आला. हाच पुढे पश्चिम जर्मनीचा वकील म्हणून ग्वाटेमालात गेला आणि 1970 साली तेथे मारला गेला. या मंडळींनी ‘अछूत कन्या’सारखे साधे, सामाजिक बोलपट काढले. ओस्टेन हा भयाचा दिग्दर्शक नव्हताच. पण विर्शिंगच्या दिव्यांत अंधाराचे मोल जाणणारा हात होता.

त्याच मुंबईत हिटलरच्या छळामुळे परागंदा झालेली माणसेही येत होती. जर्मन मूकपटांचा पटकथाकार विली हास 1939 मध्ये आला आणि मोहन भवनानी यांच्यासाठी लिहू लागला. त्याचा स्नेही वाल्टर कॉफमन आधीच, 1934 साली, आलेला होता. नभोवाणीच्या श्रोत्यांस कॉफमनचे नाव ठाऊक नसले तरी त्याची रचना ठाऊक आहे. आकाशवाणीची ओळखधून त्याचीच. उलटपक्षी ओस्टेन 1936 पासून नाझी पक्षाचा सभासद होता. एकाच शहरात, एकाच धंद्यात, पळालेला आणि ज्यांच्यापासून पळाला त्यांच्या पक्षाचा, असे दोघेही वावरत होते.

1939 च्या सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले. बॉम्बे टॉकीजमध्ये तेव्हा ‘कंगन’चे काम चालू होते. जर्मन तंत्रज्ञांची धरपकड झाली आणि चित्रपट हिंदी सहकाऱ्यांनी पुरा केला. देशात पकडलेल्या जर्मनांना एकत्र ठेवण्यासाठी सरकारने नगर येथे छावणी उघडली होती. पहिल्या महायुद्धातही नगरास अशीच छावणी होती, म्हणजे शत्रूदेशीयांना सांभाळण्याचा अनुभव या शहरास जुनाच. तिबेटच्या प्रवासाने पुढे प्रसिद्धीस आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही प्रथम तेथेच होता; मग देवळाली आणि डेहराडून येथे नेला गेला. साठी उलटलेल्या ओस्टेनला वयामुळे सोडण्यात आले व तो 1940 मध्ये मायदेशी परतला. विर्शिंगची युद्धाची वर्षे मात्र स्थानबद्धतेत गेली. ऐन उमेदीतील छायालेखक कॅमेऱ्यावाचून राहिला.

सुटल्यावर तो मालाडला आला, आणि 1949 साली ‘महल’ पडद्यावर आला. कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. एका जुन्या वाड्यात नवा मालक येतो आणि भिंतीवर स्वतःसारख्याच दिसणाऱ्या माणसाची तसबीर पाहतो. बागेतील झोपाळ्यावर एक स्त्री गात असते. जवळ जावे तो नाहीशी होते. अखेरीस ती माळ्याची मुलगी निघते. पण तोवर मालकाच्या मनाला लागलेले वेड उतरण्यापलीकडे गेलेले असते. अशोककुमार आणि मधुबाला यांच्या चेहऱ्यांचा निम्मा भाग विर्शिंगने वारंवार काळोखात ठेवला आहे. स्त्री दिसते की भास होतो, हा निर्णय प्रेक्षकास करू न देणे हेच त्याचे कौशल्य. येथे आजीच्या गोष्टीतील कानांची भीतीही परत आली, आणि ती एका मराठी गळ्यातून. त्या गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले होते चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’. आवाज होता लता मंगेशकरांचा. संगीतकार होते खेमचंद प्रकाश.

प्रभातच्या पुण्यातील जागेत 1960 साली चित्रपट-शिक्षणाची सरकारी संस्था निघाली, आणि 1964 साली त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. संग्रहालयाकडून फिती नेऊन देशभरच्या चित्रपट मंडळांनी जगातील जुने चित्रपट आपल्या सभासदांना दाखविले. 2003 च्या जानेवारीत संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फितींना आग लागली आणि मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या कित्येक मूळ फिती जळाल्या.

विर्शिंग जर्मनीस कायमचा परतला नाही. अमरोहींबरोबर त्याने ‘पाकीजा’चे छायालेखन हाती घेतले. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. 1967 मध्ये तो वारला. उरलेला भाग इतर छायालेखकांनी पुरा केला आणि चित्रपट 1972 साली पडद्यावर आला.