धायटी

धायटी (शास्त्रीय नाव: वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, संस्कृत नावे: धातकी, ताम्रपुष्पी) हे मेंदीच्या कुलातील (लिथ्रेसी) पानझडी झुडूप आहे. ते वसंताच्या सुमारास फुलते. भारतात डोंगरउतारांवर व विरळ जंगलांत ते रानोमाळ उगवते आणि कोरड्या हवामानात घराच्या आवारातही लावता येते. नामसाधर्म्यामुळे त्याची धावडा या वृक्षाशी गल्लत होते. परंतु धावडा निराळ्या कुलातील आहे.

वर्णन

झुडूप साधारणतः १ ते ३ मीटर उंच वाढते. फांद्या लांब व पसरट असून तांबूस तपकिरी सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. पाने बहुधा समोरासमोर, भाल्याच्या आकाराची व जवळजवळ बिनदेठाची असतात. त्यांच्या फिकट खालच्या बाजूवर बारीक काळे ठिपके दिसतात. जानेवारी ते एप्रिलदरम्यान फांद्यांवर लाल फुलांचे झुबके येतात. हा रंग मुख्यतः निदलपुंजाच्या वाकड्या नळीचा असतो. पाकळ्या अगदी लहान असतात. मधुरसासाठी शिंजीर पक्षी फुलांवर येतात.

लागवड

कन्नड तालुक्यातील पिशोर व अजिंठा डोंगररांगांच्या परिसरात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावणे सोयीचे ठरते. भरपूर ऊन व पाण्याचा निचरा आवश्यक आहे; काळ्या भारी जमिनीत खड्ड्यात मुरूम मिसळावा किंवा उंचवट्यावर लागवड करावी. बी फार बारीक असल्याने ते खोल पेरू नये; बारीक मातीचा पातळ थर पुरेसा होतो. पहिल्या उन्हाळ्यात रोपांना नियमित पाणी द्यावे. मुळे स्थिरावल्यावर झुडूप पाण्याचा ताण सहन करते.

छाटणी

फुले मागील हंगामात वाढलेल्या फांद्यांवर येतात. हिवाळ्यात, फांद्या निष्पर्ण व वाळल्यासारख्या दिसत असताना छाटणी केल्यास त्या वर्षीचा बहर नाहीसा होतो. म्हणून बहर ओसरल्यानंतर, पावसाळ्यापूर्वी छाटणी करावी. त्यानंतर पावसात फुटणाऱ्या फांद्या पुढील वर्षी फुलतात. बी हवे असल्यास काही फांद्या फळे पिकेपर्यंत राखाव्यात.

उपयोग

आयुर्वेदात दशमूलारिष्टासारखी आसवे व अरिष्टे आंबविण्यासाठी धायटीची फुले वापरतात. फुलांत टॅनिन असते व त्यांपासून लाल रंगही मिळतो. औषधांसाठी ही फुले मोठ्या प्रमाणात जंगलांतून गोळा केली जातात. सर्व फुले तोडल्यास बी धरत नाही. त्यामुळे काही झुबके झुडपावरच ठेवणे नैसर्गिक पुनरुत्पादनासाठी आवश्यक ठरते.