गालबोट : चेहऱ्यावरील जन्मखुणेचा इतिहास

तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याच्या गालावर काजळाची तीट लावते. दारव्ह्यापासून दादरपर्यंत हा रिवाज सारखाच. पण ज्या बाळाच्या गालावर जन्मतःच तांबडा डाग असतो, त्याच्या आईला मात्र प्रश्न ऐकावे लागतात. ग्रहणात काही चिरलं होतंस का? कोणते डोहाळे पुरवायचे राहिले?

हा आरोप फार जुना आहे. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ वरून आला, आणि गर्भिणीची इच्छा अपुरी राहिल्यास अपत्यात व्यंग येते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. हे आपल्याकडचेच खूळ समजण्याचे मात्र कारण नाही. फ्रेंच भाषेत ‘आँव्ही’ या एकाच शब्दाचा अर्थ इच्छा असाही होतो आणि जन्मखूण असाही. जर्मन भाषेत तर जन्मखुणेला ‘मुटरमाल’, म्हणजे आईची खूण, असेच म्हणतात. आईच्या कल्पनेने बाळावर डाग पडत नाहीत, हे सांगण्यासाठी जेम्स ब्लाँडेल या लंडनच्या वैद्याने १७२७ साली पुस्तक लिहिले. बाईच्या माथी मारलेला दोष उतरायला एक पुस्तक अर्थातच पुरले नाही.

उपचारांचा इतिहास याहून कठोर आहे. जन्मजात डागांपैकी ‘जतुमणी’ कापून काढून ती जागा क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावी, असा सुश्रुताचा सल्ला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षाराची जागा रेडियम आणि क्ष-किरणांनी घेतली. स्वीडनमध्ये १९२० ते १९५९ या काळात हजारो तान्ह्या मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर असे किरण सोडण्यात आले. ती मुले मोठी झाल्यावर त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले.

खेद याचा, की त्यांतील बहुतेक गाठींना उपचारांची गरजच नव्हती. १९३८ साली विल्यम लिस्टर या इंग्रज डॉक्टरने लहान मुलांच्या अशा गाठींवर काहीही न करता केवळ लक्ष ठेवले. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवून झपाट्याने वाढणारी ही स्ट्रॉबेरीसारखी लाल गाठ पुढे आपोआप विरते, हे त्याने दाखवून दिले. (अंगारा देणाऱ्यांची कीर्ती कशावर उभी राहिली असेल, हे यावरून कळावे.) दुसरी जात सपाट, द्राक्षमद्याच्या रंगाच्या डागाची. तो जन्मापासून असतो, मुलाबरोबर वाढतो आणि आपोआप जात नाही. कपाळावर व पापणीवर तो असेल तर काचबिंदू आणि फिट्स यांचा धोका संभवतो, म्हणून डोळ्यांची तपासणी आधी.

अशा डागावर विदर्भात एके काळी शस्त्रक्रियाच काय ती हाताशी होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभारला. देशातील अगदी आरंभीच्या विभागांपैकी हा एक. दारव्ह्याहून तेथे जाण्याची तेव्हाची एक वाट म्हणजे कापसासाठी घातलेल्या अरुंद रुळांवरची ‘शकुंतला’ मूर्तिजापूरपर्यंत, आणि पुढे मोठी गाडी. पण डाग कापून त्या जागी दुसरीकडची त्वचा लावली, तरी चेहऱ्यावर ठिगळ उरतेच.

खरा पालट प्रकाशाने घडवला. पहिला लेसर १९६० चा. पुढे १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी त्यामागचा नेमका विचार मांडला : रक्तातील तांबडे द्रव्य शोषून घेईल असा रंग निवडावा आणि झोत इतका क्षणिक ठेवावा, की उष्णता रक्तवाहिनीबाहेर पसरण्याआधीच तो थांबेल. वाहिनी जळते, त्वचा वाचते. १९८९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी ३ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या ३५ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि लहान वयात उपचार करण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही हा प्रकाश शोषते, त्यामुळे येथे हात अधिक जपून चालवावा लागतो.

फुगीर गाठीचे औषध तर योगायोगाने सापडले. फ्रान्समधील बोर्दो येथे एका बाळाला हृदयविकारासाठी प्रोप्रानोलोल दिले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची गाठ मऊ व फिकी पडू लागली. २००८ मध्ये ही वार्ता छापून आली. आज धोक्याच्या जागी असलेल्या गाठींवर हेच जुने, स्वस्त औषध देतात.

ब्लाँडेलचे म्हणणे शास्त्राने पुरे केले ते २०१३ मध्ये. सपाट डागाचे मूळ ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकातील एका बदलात सापडले. हा बदल आईकडून येत नाही, वडिलांकडूनही नाही. गर्भधारणेनंतर वाढत्या गर्भाच्या एखाद्या पेशीत तो घडतो. ग्रहण, सुरी, डोहाळे यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत मुले तपासणाऱ्या पथकांच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. दुभंगलेला ओठ त्यात आहे, चेहऱ्यावरचा डाग नाही. तो आईबापांनीच दाखवायचा. लेसरच्या अनेक फेऱ्या, त्यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर, लहानग्याला बहुधा भूल, आणि प्रत्येक फेरीनंतर आठ-दहा दिवस गालावर जांभळे वण. विदर्भाच्या उन्हापासून तो गाल झाकायचा, आणि परतीच्या एसटीत शेजारचे विचारतात, ‘लेकराला कोणी मारलं?’ तेव्हा सारे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.