दाबणारं औषध म्हणून दुय्यम?

‘ॲलोपॅथी रोग दाबून ठेवते, मुळापासून बरा करत नाही.’ मनोरीपासून मुलुंडपर्यंत हे वाक्य इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे बोललं जातं, की त्याला कुणी पुरावा विचारत नाही. सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची नक्कल करणारी औषधं या आक्षेपासाठी अगदी सोयीची सापडतात, कारण दाबणं हेच त्यांचं काम. म्हणून खंडनही याच औषधांपासून सुरू केलेलं बरं.

पूर्वपक्ष नीट मांडू. सोमॅटोस्टॅटिन शरीरात इतर संप्रेरकांचं स्रवण रोखतं. ऑक्ट्रिओटाइड, लॅनरिओटाइड ही त्याचीच नक्कल. संप्रेरकं स्रवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींमध्ये इंजेक्शन चालू आहे तोवर त्या गाठींमुळे होणारी चेहऱ्याची लाली आणि जुलाब थांबतात. बंद केलं की परत येतात. गाठ तर जागेवरच असते. महिन्याला हजारो रुपये घालवून पदरात काय पडलं? त्यात अभिनेते इरफान खान यांचं उदाहरण दिलं जातं. मार्च २०१८ मध्ये त्यांनी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं स्वतः जाहीर केलं आणि २९ एप्रिल २०२० रोजी अंधेरीच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ‘त्यांना जमलं नाही, तिथे आपली काय कथा?’

हा शेवटचा मुद्दा आधी बाजूला काढतो. न्यूरोएंडोक्राइन गाठ हा एकच एक आजार नाही. काही गाठी वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलाने वाढतात, काही महिन्यांत फोफावतात. एका माणसाच्या मृत्यूवरून सगळ्यांचं भविष्य सांगणं शास्त्राला धरून नाही, आणि त्या माणसाच्या बाबतीतही ते न्यायाचं नाही.

आता मूळ आक्षेप. ‘मूळ’ कशाला म्हणायचं? मधुमेहासाठी ग्लायबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड घेणारे वृद्ध आपल्याकडे हजारोंनी आहेत. मूत्रपिंड थकलं, दोन दिवस जेवण सुटलं आणि गोळी मात्र चालू राहिली, की साखर धोकादायक पातळीला उतरते. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात, माणूस शुद्धीवर येतो. पण गोळी स्वादुपिंडाकडून अजून इन्सुलिन काढून घेतच असते, आणि दिलेलं ग्लुकोज त्याच पेशींना आणखी चेतवतं. काही तासांत साखर पुन्हा कोसळते. अशा वेळी त्वचेखाली दिलेलं ऑक्ट्रिओटाइड इन्सुलिनचं स्रवणच थांबवतं. इथे लक्षणावर काम करतं ते ग्लुकोज, आणि कारणावर काम करतं ते हे ‘दाबणारं’ औषध. जिथे अतिरिक्त स्राव हाच आजार असतो, तिथे तो रोखणं हाच उपचार. अ‍ॅक्रोमेगलीतही हेच आहे. पियुषिका ग्रंथीतल्या गाठीमुळे वृद्धिसंप्रेरक वाहत राहतं. अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचं माप वाढतं, जबडा पुढे येतो, हृदयावर ताण पडतो. शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघाली नाही तर हीच इंजेक्शनं तो पूर आवरतात, आणि अनेकांमध्ये गाठही आक्रसते.

स्राव रोखण्याचा हा गुण मुळात निसर्गाचाच आहे. १९७३ मध्ये रॉजे गिय्माँ यांच्या प्रयोगशाळेत वृद्धिसंप्रेरक रोखणारा चौदा अमिनो आम्लांचा सोमॅटोस्टॅटिन हा रेणू सापडला. रक्तात तो जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतो, त्यामुळे औषध म्हणून गैरसोयीचा. बाझलमधल्या सँडोझ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला कामाचा भाग ठेवून आठ अमिनो आम्लांचं ऑक्ट्रिओटाइड घडवलं. ते सुमारे दीड तास टिकतं. पुढे विरघळणाऱ्या सूक्ष्म कणांत ते कोंडून महिन्याचं इंजेक्शन झालं. मनोरीहून फेरीबोटीने मार्वे, तिथून मालाड आणि लोकलने परळ गाठणाऱ्या रुग्णासाठी दिवसातून तीन सुया आणि महिन्याला एक सुई यांतला फरक म्हणजे उपचार टिकणं आणि सुटणं यांतला फरक.

‘गाठ जागेवरच असते’ हेही अर्धसत्य आहे. २००९ साली जर्मनीतल्या प्रोमिड चाचणीचे निष्कर्ष आले. आतड्याच्या मधल्या भागातून उगम पावून पसरलेल्या गाठींचे ८५ रुग्ण त्यात होते. नुसत्या दिखाऊ औषधावर (प्लॅसिबोवर) रोग पुढे सरकायला मध्यमानाने सहा महिने लागले, तर ऑक्ट्रिओटाइडवर चौदा महिन्यांहून थोडे अधिक. २०१४ मध्ये लॅनरिओटाइडच्या क्लॅरिनेट चाचणीनेही तोच कल दाखवला. आयुष्य वाढल्याचं मात्र प्रोमिडमध्ये सिद्ध झालं नाही. दिखाऊ औषध घेणाऱ्या अनेकांना नंतर खरं औषध मिळालं, त्यामुळे तुलना पुसट झाली. हे मान्य करूनच मी म्हणतो की गाठीची वाढ रोखली जाते, आणि तिला ‘नुसती लक्षणं दाबणं’ म्हणता येणार नाही.

या रेणूचं खरं मोठेपण मला पुढच्या पायरीत दिसतं. अशा बहुतेक गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक (रिसेप्टर) दाटीने असतात, आणि नक्कल केलेला रेणू नेमका तिथेच जाऊन बसतो. त्याला गॅलियम-६८ जोडलं की पेट स्कॅनवर गाठी उजळून दिसतात. ल्युटेशियम-१७७ जोडलं की किरणोत्सर्ग थेट गाठीपर्यंत पोहोचतो. २०१७ च्या नेटर-१ चाचणीत वीस महिन्यांनंतर रोग पुढे न सरकलेल्यांचं प्रमाण या उपचाराने ६५ टक्के होतं. ऑक्ट्रिओटाइडचा मोठा डोस घेणाऱ्यांत जेमतेम ११ टक्के. हे सगळं दूर परदेशातलं आहे असंही नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम तयार होतं, आणि याच केंद्राचं परळचं किरणोत्सारी वैद्यक केंद्र ते रुग्णांना देतं. ल्युटेशियमची तीव्रता साडेसहा दिवसांत निम्मी होते, तेव्हा अणुभट्टी आणि रुग्णशय्या एकाच शहरात असणं फार मोलाचं.

उलट टोकाच्या भाबडेपणालाही माझा विरोध आहे. यकृत सुकून अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्त वाहू लागलं की ऑक्ट्रिओटाइड सर्रास लावलं जातं. त्याने रक्त कमी चढवावं लागतं, पण एकत्रित अभ्यासांत मृत्यू घटल्याचं स्पष्ट दिसलेलं नाही. तिथे एंडोस्कोपीने शिरा बांधणं हाच कणा. शिवाय महिनोन्महिने घेतल्यास पित्ताशयात खडे होतात, साखर बिघडते, नाडी मंदावते. ज्या गाठीवर ग्राहकच नाहीत, तिच्या वाढीवर या औषधाचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून गाठ रोखण्यासाठी औषध सुरू करण्याआधी रुग्णाने डॉक्टरांना आधी हे विचारावं, की माझ्या गाठीवर ग्राहक आहेत का, आणि ते स्कॅनमध्ये पाहिलं का.