दिनविशेष : २५ एप्रिल १५०७
अमेरिकेचं बारसं

आजच्या दिवशी लोरेन प्रांतातल्या सां-दिए या लहानशा गावात एक लॅटिन पुस्तिका छापून झाली आणि एका अख्ख्या खंडाला नाव मिळालं. बारशाचा मान कोलंबसचा असायला हवा होता. पण आत्या होत्या ही पुस्तिका काढणारे नकाशाकार मार्टिन वाल्डसीम्युलर आणि त्याचा सहकारी माथिआस रिंगमान. नव्या भूमीचा खरा शोधक दर्यावर्दी अमेरिगो व्हेस्पुची, असा त्यांचा समज. युरोप, आशिया ही नावं लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून अमेरिगोची ‘अमेरिका’ झाली.

पुस्तिकेसोबतचा जगाचा नकाशा लाकडी ठशांवरून बारा कागदांवर छापलेला होता. जोडला की सुमारे आठ फूट रुंद. गंमत पुढेच आहे. या नकाशात अमेरिकेच्या पश्चिमेला समुद्र दाखवला आहे. स्पॅनिश शोधक बाल्बोआला पनामातून पॅसिफिक दिसला तो १५१३ मध्ये! हा निव्वळ तर्क होता, की कुणा अज्ञात खलाशाची खबर? अभ्यासक अजून भांडतात. मला तर्कच वाटतो.

वाल्डसीम्युलरने १५१३ च्या नकाशात ‘अमेरिका’ गाळून तिथे ‘अज्ञात भूमी’ लिहिलं. पण नाव तोवर रुळलं होतं.

नकाशाच्या हजार प्रती छापल्या असं सांगतात. उरली एकच. ती १९०१ मध्ये योसेफ फिशर या जेझुइट शिक्षकाला जर्मनीतल्या वोल्फेग किल्ल्यात सापडली. २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती एक कोटी डॉलरला विकत घेतली.